बंद फ्रिजची घरघर

तिने फ्रिजला कान लावला. आधी दाराला, मग बाजूला, आणि नवऱ्याने दंड धरून ओढेपर्यंत मागच्या जाळीला. आत 'टक्' झालं, क्षणभर गुरगुर, पुन्हा 'टक्', आणि मग काहीच नाही.

"गेला," नवरा म्हणाला.

"गेला म्हणू नकोस."

फ्रिजमध्ये तीन थरांचा केक होता. मधले कप्पे काढून, दूध-भाज्या शेजारणीकडे पाठवून, तिने तो कालपासून उभा केला होता. पांढरं क्रीम, त्यावर गुलाबी पाकळ्या, एकेक हाताने केलेली. घरी केक करून विकायचा तिचा धंदा आतापर्यंत सोसायटीतल्या पोरांच्या वाढदिवसांवर आणि नातेवाइकांच्या फुकट कौतुकावर चालला होता. ही पहिली मोठी ऑर्डर. उद्या सकाळी एका समारंभाच्या भरल्या हॉलमध्ये केक पोचवायचा होता, आणि तोही उभ्या अवस्थेत.

मेकॅनिकने फोनवर सांगितलं होतं, "प्लग काढा, दार उघडू नका, चारपर्यंत येतो. पण मी फोन केला की उचला हं. नाही उचलला तर मी पुढच्या घरी जाणार, मग तुमचं काम परवावर."

नवऱ्याने प्लग काढला. कुणी चुकून उघडू नये म्हणून दारावर आडवी चिकटपट्टी लावली. खिडकीबाहेर ऊन नुसतं भाजत होतं. ती घड्याळाकडे बघत असतानाच बेल वाजली. आईने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि वळून, पोलीस आल्यासारख्या आवाजात म्हणाली,

"दादा आलाय."

दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तिचा मामा. सगळ्या नात्यात टेस्टरमामा. बाकीच्यांच्या खिशाला पेन असतं, मामांच्या खिशाला टेस्टर. मामांनी हात लावला आणि वस्तू चालू झाली नाही, असं कधी झालं नव्हतं. वस्तू चालू व्हायचीच, फक्त कुठली ते आधी सांगता यायचं नाही. बेल दुरुस्त केली की बाथरूममधला दिवा लागायचा. मावशीचं वॉशिंग मशीन त्यांनी असं मार्गी लावलं, की ते कपडे पिळता पिळता चालत गॅलरीत गेलं, आणि मावशी त्याला माघारी आणायला ओल्या पायांनी मागे धावली. काकांच्या घरचा पंखा तर त्या दिवसापासून उलटाच फिरत होता.

म्हणून नात्यात एक रीत पडली होती. मामा यायचे म्हटलं की बंद पडलेल्या वस्तू पलंगाखाली जायच्या आणि चालू असलेल्या वस्तू गरज नसताना चालू करून ठेवल्या जायच्या. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. कुणाच्याही अडचणीला मामा सगळ्यांच्या आधी धावून यायचे. असल्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं? आणि मामा घरात असताना बाहेरचा मेकॅनिक बोलवायचा, म्हणजे तर त्यांच्या तोंडावर दार आपटण्यासारखं.

"मामा कधी जातील?" ती कुजबुजली.

"चहा, मग गप्पा, मग दुसरा चहा," नवरा म्हणाला. "सहा."

"पलंगाखाली फ्रिज मावत नाही," आई म्हणाली आणि दार उघडायला गेली.

एरवी मामा आले की चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे. आधी फ्रिजची तब्येत, मग माणसांची. आज मात्र ते हॉलमधल्या पहिल्या खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराकडे पाठ करून. तिने नशिबाला मनातल्या मनात हात जोडले.

"सगळं चालू आहे ना घरातलं?" मामांनी विचारलं.

"सगळं!" तिघं एकदम म्हणाली.

"उत्तम. उत्तम, उत्तम." मामांनी रुमालाने मान पुसली. "जरा पाणी दे गं."

"गार हवंय?" तिच्या तोंडून निघून गेलं. आई खोकली.

"छे छे! गार नकोच," मामा घाईने म्हणाले. "घसा धरलाय."

ती पाणी आणायला आत गेली, तर नवरा तिच्या आधीच आत येऊन फ्रिजच्या मागे अर्धा अडकलेला. घरातला गाण्याचा छोटा ब्लूटूथ स्पीकर तो फ्रिजच्या पाठीमागे ठेवत होता.

"काय करतोयस?"

"मामांचे कान कसे आहेत माहितीये ना? इतकी शांतता त्यांना कळणारच. फ्रिजची घरघर सापडलीय मला मोबाइलवर. लहान मुलांना झोपवायला लावतात. तासभर चालते."

"तुला वेड लागलंय का?"

पण त्याने बटण दाबलंसुद्धा होतं. घरघर सुरू झाली. आवाज आधी घरातल्या फ्रिजचा नव्हता, मासळीच्या गोदामातला वाटत होता. नवऱ्याने तो धडपडत कमी केला. दोघं हॉलकडे बघत राहिली.

"छान चाललाय हो फ्रिज," मामा मागे वळून न बघता म्हणाले.

नवऱ्याची छाती फुगली. जणू तो फ्रिज त्यानेच बनवला होता.

चहा आला. आईने मुद्दाम मामांच्या आवडीचा एकही विषय काढला नाही. हवापाणी, भाव, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. घड्याळाचा काटा चारकडे सरकत होता. तिला डोळ्यांपुढे एकेक पाकळी घसरताना दिसत होती. ती बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मामा बिस्किट चहात बुडवत होते, आणि त्यांचंही बिस्किट दोनदा तुटून कपात पडलं.

तेवढ्यात घरघर थांबली आणि फ्रिज एका लाडिक बाईच्या आवाजात म्हणाला,

"केस गळतायत? कंगवा बघायची भीती वाटते?"

जाहिरात! नवऱ्याने स्वतःच्याच टकलावर हात मारला.

"शेजारचा टीव्ही," आई म्हणाली. "बहिरे आहेत दोघंही."

"हल्ली भिंतीच पातळ बांधतात," मामा कपात बघत म्हणाले.

ज्या माणसाला तीन खोल्या पलीकडचा सैल स्क्रू ऐकू यायचा, त्याने भिंतीवर विश्वास ठेवला, याचं तिला नवल वाटलं. पण नवल करायला वेळ नव्हता. घरघर परत सुरू झाली, जेमतेम दोन घोट झाले, आणि फ्रिज वाजायला लागला. चक्क रिंग. बँडबाजासकट.

मोबाइल नवऱ्याच्या हातात होता, आवाज फ्रिजमागून येत होता. पडद्यावर मेकॅनिकचा नंबर. नवऱ्याचा अंगठा लाल खुणेवर जाऊन थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

फोन तोडला तर काम परवावर. उचलला तर मामा. स्वयंपाकघराच्या दारातून तिला फ्रिजवरची आडवी चिकटपट्टी दिसत होती. तिने मोबाइल नवऱ्याच्या हातातून घेतला आणि हिरवी खूण दाबली.

"हॅलो!" फ्रिज ओरडला. "फ्रिज बंद पडलाय ते हेच घर ना? खाली उभा आहे मी. कितवा मजला?"

"तिसरा," ती म्हणाली. मामांकडे न बघता. "या वर."

मग तिने डोळे मिटले, 'मामा, रागावू नका' हे वाक्य तोंडात जुळवलं आणि वळली. खुर्ची रिकामी होती. मामा दाराशी होते आणि डाव्या पायात उजवी चप्पल चढवत होते.

"मला एकदम आठवलं," ते म्हणाले, "बँकेत जायचंय."

"आज रविवार आहे, दादा," आई म्हणाली.

"म्हणूनच. गर्दी नसेल."

घरात बंद पडलेला फ्रिज, आणि मामा निघाले! तिला काहीच उमजेना. पण मामांनी कडी काढली, तर समोर खांद्याला पिशवी लावून मेकॅनिक उभा.

"अरे काका! इथेपण तुम्हीच?" तो हसला. "मिक्सर काय म्हणतोय? आणि काकूंना सांगा, गिझरची वायर पुढच्या खेपेला नक्की बदलतो. मला लक्षात आहे."

नवऱ्याने मेकॅनिकला जवळजवळ ढकलतच स्वयंपाकघरात नेलं. चिकटपट्टी सोलल्याचा आवाज आला. मामा चपलेत एक पाय घालून उभेच होते.

"हा तुझ्याकडे येतो?" आईने विचारलं.

"येतो. कधीमधी."

"दर महिन्याला येतो की!" आतून मेकॅनिक ओरडला. भिंती खरंच पातळ होत्या.

मामा परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"मिक्सर जोडला, तर एक स्क्रू उरला," ते म्हणाले. "उरतो माझा एखादा. दरवेळी तुझी मामी भांडायची, मी परत उघडायचो. त्या दिवशी ती भांडलीच नाही. म्हणाली, राहू दे, मी जरा लांबून बटण दाबत जाईन." त्यांनी हाताचे तळवे मांड्यांखाली घातले. "तेव्हापासून मी काही उघडत नाही."

"आणि आमची इस्त्री?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी उघडलीत ती?"

"तुम्ही पुढे केलीत."

तिने आईकडे पाहिलं. आईने पदराशी चाळा सुरू केला.

"मामा, त्या इस्त्रीला काही झालं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "टीव्ही बिघडला होता. तुम्ही त्याला हात लावू नये, म्हणून चांगली इस्त्री दिली तुम्हाला. बिघडलीय म्हणून."

"कळलं मला ते," मामा म्हणाले. "उघडल्यावर बघितलं, तर सगळं ठणठणीत."

"मग तशीच बंद करून द्यायची ना! नंतर ती तापलीच नाही कधी."

"तशीच कशी देणार? तुम्ही सगळी समोर बसलेली. बिघडलीय म्हणून दिलेली वस्तू चांगली निघाली असती, तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. म्हणून जरासा बिघाड केला. वाटलं, मग दुरुस्त करून देऊ. ते काही जमलं नाही."

आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

"आत्तासुद्धा," मामा म्हणाले, "जिना चढतानाच ठरवलं होतं, आज काही बघायला लावू नका म्हणजे झालं. आलो तर फ्रिज गप्प. अंगाला घाम फुटला माझ्या. मग तो स्पीकर लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. म्हटलं, लपवतायत, म्हणजे बघायला लावणार नाहीत."

स्वयंपाकघरातून मेकॅनिकची हाक आली. मोटर सुरू करणारा रिले जळला होता, बोटाच्या पेराएवढा भाग, त्याच्याकडे पिशवीतच होता. त्याने प्लग लावला. टक् झालं, गुरगुर झाली आणि गुरगुर थांबली नाही. बारीक, एकसारखी, घरातल्या फ्रिजची. सगळे ती ऐकत राहिले.

तिने दार इंचभर उघडलं, मग पूर्ण. केक उभा होता. पण वरचा थर एका बाजूला कलला होता, क्रीम मऊ पडून त्याला हळूहळू वाट देत होतं. आत्ता सरळ केला नाही, तर तो कललेलाच गोठणार होता. तिने सुरी घेतली, वरच्या थराला हात लावला, तर खालचं ताटच सरकायला लागलं.

"मी धरतो," नवरा पुढे झाला.

"तू थांब. यांचे पैसे दे." ती मान न वळवता म्हणाली, "मामा, आत या. हात धुऊन."

मामा मोरीपाशी बराच वेळ हात धूत राहिले. मग ते फ्रिजसमोर गुडघ्यांवर बसले.

"दोन्ही बाजूंनी ताट धरा. घट्ट."

"मी?"

"नुसतं धरायचं, मामा. फिरवायचं नाही, बघायचं नाही, का हलतंय ते शोधायचं नाही."

"नुसतं," मामा म्हणाले, आणि त्यांनी ताट धरलं.