नाव घ्या, मग बोला

आमच्या ह्यांनी ग्लासगोत जन्मभर लोकांची हाडं जोडली आणि रिटायर झाल्यावर घरात माझ्या डोक्यावर बसले. म्हणून मी कॉलेजात ह्युमॅनिटीजच्या ॲक्सेस कोर्सला नाव घातलं. तो पास झाले तर युनिव्हर्सिटीत इतिहास शिकता येणार होता. लग्नापायी बीए अर्धवट सुटलं, ते अजून सलतं. दुसऱ्या आठवड्यात बघते तर वर्गात हेही हजर. म्हणाले, "घरी एकटा बसून काय करू?"

हे पहिल्या बाकावर. आमची ट्यूटर मॉरैग, तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ह्यांचं उत्तर तयार. मी आपली मागे.

शेवटी तोंडी परीक्षा आली. दोघादोघांनी वाद घालायचा. आधी समोरच्याचं नाव घ्यायचं, त्याचं म्हणणं नीट सांगायचं, मगच विरोध करायचा. हे चुकलं की नापास. मॉरैगने चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या वाट्याला नेमके हेच आले.

आता ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधीच घेतलेलं नाही. बँकेतसुद्धा 'माय हजबंड' म्हणून भागवते. आईने वळणच तसं लावलं.

विषय होता, कलेवाचून समाजाचं काही अडतं का? सुरुवात ह्यांची. हे उठले आणि ठणकावून सांगितलं, पाय मोडलेला माणूस हॉस्पिटलात येतो, चित्रं बघायला जात नाही. मग ऐटीत बसले.

मी उभी राहिले आणि इंग्रजीत 'ही सेज' अशी सुरुवात केली. मॉरैगने थांबवलं. "आधी नाव घ्या, सुलक्षणा."

माप ओलांडताना दारात नणंदेने अगदी असंच अडवलं होतं. इतकी वर्षं वाट पाहून एका नावापायी नापास व्हायचं, याचा संतापही आला. आणि तोंड आपोआप उघडलं.

"ग्लासगोच्या वाऱ्यात छत्री जाते उडून,
शशिधररावांचा मुद्दा टाकते मी खोडून."

मी इंग्रजीत खुलासा केला, आमच्यात नवऱ्याचा रेफरन्स असाच देतात. मॉरैगने मान डोलावली. मग ह्यांचं म्हणणं मी शब्दन् शब्द सांगितलं, ते तर घरी रोजच ऐकते. आणि मी म्हणाले, प्लास्टर काढल्यावर पेशंट तुम्हाला काय विचारायचे, तुम्हीच जेवताना सांगायचात. पुन्हा नाचता येईल का, हेच ना? मग हाड जोडायचं कशासाठी?

आता ह्यांची पाळी. मॉरैग म्हणाली, "सुलक्षणाचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा."

"सुलक्षणाचं म्हणणं असं की..." ह्यांनी चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलं. घरात चावी सापडेना की असंच बघतात, आणि मी लगेच देते. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी पास झाले. ह्यांना पुढच्या गुरुवारी पुन्हा परीक्षा.

संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते. हे वही-पेन घेऊन ओट्यापाशी आले, जरा घुटमळले.

"अगं, तू नक्की काय म्हणाली होतीस?"

मी गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले.

"आधी नाव घ्या."