डोहातल्या आसरा आणि टाकीचा स्क्रू

होडीच्या मोटरीला रोज हार घालणारा वैजनाथ तिला पाना मात्र दिवाळीलाही लावत नसे. पोटचा मुलगा असला म्हणून यमुनाबाईंनी ऐकवायचं सोडलं नव्हतं. "देवासारखी पुजतोस, मग ती दगडासारखीच बसणार!"

आज रविवार. हिंजवडीच्या कंप्युटरवाल्यांना फिरवायला गेलेली होडी संगमाखालच्या डोहाशी पुन्हा बंद पडली. सून नम्रतानं ती वल्ह्यांनी काठाला आणली. धक्क्यावर ही गर्दी, अन् मधोमध, मागच्या खेपेलाही मोटर चालू करून देणारे बद्रीनाथ महाराज.

"डोहातल्या आसरा, पाण्याच्या देवी, कोपल्यात! घरच्या बाईनं सुकाणू धरलं. तिला माहेरी धाडा, नाहीतर होडी बुडेल!"

महाराजांनी पेट्रोलच्या टाकीवर भगवं फडकं टाकलं, खाली हात घालून मंत्र पुटपुटला, दोरी ओढली. भुर्रर्र! लोकांनी हात जोडले. "अनबिलीव्हेबल, यार!" एक जण म्हणाला. इंजिनिअर होता म्हणे. मोटर थांबवून महाराजांनी फडक्याखालीच झाकणाला कुंकू लावलं, दक्षिणा घेतली.

वैजनाथ बायकोला म्हणाला, "बॅग भर. थोडे दिवसच."

"आणि आसरांचा राग गेलाच नाही तर?" नम्रतानं विचारलं.

"थांब गं," म्हणत यमुनाबाई गर्दीतून पुढे आल्या आणि होडीत चढल्या. "आधी मला डोह दाखव. सुकाणू तूच धर."

"आजी, जिवाशी खेळ आहे!" महाराज ओरडले.

"आजी कोणाला म्हणता? दाढी तुमची पांढरी!"

डोहाशी मोटर गचके खाऊन थांबली. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा पार चपटा झाला होता.

"नम्रता, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर?"

"तेल अडतं. हवेला दुसरं भोक लागतं."

दोघींनी झाकणाकडे पाहिलं. वर हवेचा छोटा स्क्रू, घट्ट आवळलेला, कुंकवानं माखलेला. यमुनाबाईंनी तो फिरवला. टाकीनं सुस्स करून श्वास घेतला. नम्रतानं फुगा दाबला, दोरी ओढली. मोटर सुरू!

काठावर यमुनाबाईंनी सगळ्यांसमोर झाकण दाखवलं. "हवेची वाट बंद केली की पेट्रोल डोहापर्यंत येऊन अडतं. हे फडक्याखाली स्क्रू उघडतात, कुंकू लावताना आवळतात. अन् कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून आमचे चिरंजीव त्या स्क्रूला हात लावत नाहीत. महाराज, मी स्क्रू आवळते. फडक्याशिवाय म्हणा मंत्र!"

महाराजांना एकाएकी दुसरा भक्त आठवला. लोक हसू लागले.

यमुनाबाई मुलाकडे वळल्या.

"वैजनाथ, यंत्र अडलं तर ते उघडून बघायचं, माणसाला घराबाहेर काढायचं नाही. नम्रता इथेच राहील. तिच्या माहेरी तू जा, आणि तिच्या वडिलांना सांग, की स्क्रू तपासण्याआधी मी तुमच्या मुलीत खोट काढली."