मुद्देमालात नसलेली घोंगडी

मी अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढली आणि तेवढ्या काळात एकाच बेवारस मुडद्याला नाव मिळवून दिलं. तेही माझ्या अकलेमुळे नाही, माझ्या बुडाखालच्या घोंगडीमुळे. पेन्शनीत गेलेले बाकीचे जमादार नातवंडांना दरोडेखोरांच्या गोष्टी सांगतात. मी तोंड उघडलं की आतून आमच्या मंडळींचा आवाज येतो, "घोंगडीची सांगताय का?" की मी गप्प. सध्या मंडळी माहेरी गेल्या आहेत, तेवढ्यात लिहून काढतो.

साल पन्नास. निजामाचं राज्य जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण आमची दफ्तरं अजून उर्दूतच चालत. माझं उर्दू फर्मास होतं, निदान माझं तसं मत होतं. सोनपेठच्या अलीकडे एका गावात चौकी होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं भली आहेत. तिथं मी नवा नवा जमादार. पौषात एका सकाळी गावचे पोलीस पाटील व्यंकटराव धापा टाकत आले. पडीक रानातल्या विहिरीत मुडदा तरंगत होता.

चाळिशीच्या आसपासचा पुरुष, डोक्यात मागून घाव घातलेला. पाच-सहा दिवस पाण्यात राहिल्यानं चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. अंगावर धोतर आणि बंडी, बाकी काही नाही. म्हणजे पंचनाम्यात काही नाही. विहिरीच्या काठावर बाभळीला एक काळी घोंगडी अडकलेली होती. नवीकोरी, जाडजूड, चिंचोक्याच्या खळीचा वास अजून न गेलेली. माझ्या सरकारी कोटाला कोपरापाशी खिडक्या पडल्या होत्या आणि वारा नदीकडून येत होता. मी घोंगडीकडे पाहतोय हे व्यंकटरावांनी पाहिलं.

"जमादारसाब," ते म्हणाले, "हिरीत गेलेल्याला आता काय थंडी वाजायलीय?"

हा कायद्याचा मुद्दा मला ताबडतोब पटला.

मी दोन पानं पंचनामा लिहिला. विहिरीची खोली लिहिली, पाण्याचा रंग लिहिला, काठावरच्या बाभळीसुद्धा मोजून लिहिल्या, सात होत्या. त्यांच्यापैकी एकीवर काय होतं तेवढं राहिलं. मयताच्या नावापुढे वळणदार अक्षरात ‘नामालूम’ असं लिहिलं, म्हणजे माहीत नाही. वर्णनाचा कागद परभणीला आणि आसपासच्या ठाण्यांना गेला. कोणी ओळख सांगायला आलं नाही. त्या दिवसांत बेपत्ता माणसांना तोटा नव्हता आणि बेवारस मुडद्यांनाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला अग्नी दिला आणि घोंगडी पांघरून मी चौकीत परत आलो.

पुढची आठ वर्षं मी तिथंच होतो. बदलीच्या यादीत माझं नाव तीनदा लागलं आणि तिन्ही वेळा कुणा ना कुणा साहेबाला माझ्या उर्दूची गरज पडली. मग छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि माझ्या उर्दूला कुत्रं विचारीना. नगरकडचे नवे फौजदार दिनकरराव आले. त्यांनी हुकूम काढला की न उलगडलेले सगळे जुने गुन्हे मराठीत उतरवा. माझं मराठी असं की ‘सदरहू’नंतर काय लिहायचं ते सुचत नसे. एकेक कागद उतरवत मी विहिरीतल्या मुडद्यापर्यंत पोचलो. लांबलेल्या कामाला आपल्यात भिजत घोंगडं म्हणतात. हे चांगलं कोरडं होतं, चौघडी घालून लाकडी तख्तपोसावर, म्हणजे माझ्या बैठकीवर, माझ्याखाली होतं, आणि त्याच्यावर बसून मी लिहिलं, ‘मयताची ओळख पटेल अशी कोणतीही चीजवस्तू मिळून आली नाही.’ लिहिताना माझा हात अडखळला नाही. अशा माणसाला सरकारनं जमादार केलं होतं.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात माणिकराव नावाचे एक जमीनदार तक्रार घेऊन आले. त्यांच्या हरभऱ्यात धनगरांच्या मेंढ्या घुसल्या होत्या. मेंढ्यांबरोबर त्यांनी धनगरांनाही हाकत आणलं होतं. पेडगावकडचा मुंजाजी, त्याची थोरली भावजय केवळाबाई आणि तिची मुलगी कडूबाई. माणिकराव बोलत होते, मुंजाजी हात जोडत होता, आणि मी कान कोरत दोघांचं ऐकत होतो. केवळाबाई कुणाचंच ऐकत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. बाई आपल्याकडे अशी का बघते म्हणून मी मिशीवरून हात फिरवला. मग कळलं की तिची नजर माझ्या मांडीखाली आहे.

ती पुढं आली, घोंगडीचं टोक उचलून दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, "जमादारसाब, उठा."

निजामाच्या वेळी अमीन, म्हणजे फौजदार, आला तरी मी सावकाश उठत असे. पण त्या दिवशी झटकन उठलो. तिनं घोंगडी ओढून जमिनीवर पसरली. घोंगडीच्या दोन पट्ट्या मधोमध शिवलेल्या असतात, त्या शिवणीवरून तिनं शेवटपर्यंत हात फिरवला. टोकाशी वीतभर लोकर काळी नव्हती, तांबूस होती. तिथं तिचा हात थांबला.

"कुठून आनली ही?"

"सोनपेठच्या बाजारातून," मी म्हणालो. "आठ वर्षं झाली. कुणी एक धनगर विकत होता."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ते लख्ख पडलं होतं आणि तोंड आपोआप चालत होतं. प्रकरण मिटलं असं मला वाटलं. केवळाबाई मटकन खाली बसली.

"मंग लोक म्हनतेत ते खरं हाय," ती म्हणाली.

मुंजाजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. केवळाबाईचा नवरा येडबा, त्याचा थोरला भाऊ. पन्नास सालच्या पौषात तो घरच्या आणि गावच्या मिळून ऐंशी मेंढ्या घेऊन गोदावरीच्या अंगाला चारायला निघाला, तो परत आला नाही. मेंढ्याही आल्या नाहीत. गावानं ठरवून टाकलं की येडबानं मेंढ्या विकल्या आणि कुठं तरी दुसरं बिऱ्हाड मांडलं. एकटी केवळाबाई म्हणत राहिली की माझा माणूस चोर नाही, त्याचं काही तरी बरंवाईट झालं. कडूबाईला दोनदा स्थळ आलं आणि दोन्ही वेळा चोराची लेक म्हणून मोडलं.

मी विचारलं, तुम्ही ठाण्यात चौकशी केली नाही का? विचारायला नको होतं, पण सवय.

केली होती. मुंजाजी त्याच वर्षी परभणीच्या ठाण्यात गेला होता. तिथल्या मुन्शीनं त्याला विहिरीतल्या बेवारस मुडद्याचा कागद वाचून दाखवला होता. तो माझा कागद, माझं वळणदार उर्दू. उंची जुळत होती, वय जुळत होतं, दिवससुद्धा जुळत होते.

"सगळं ऐकलं," मुंजाजी म्हणाला. "पर त्यात घोंगडी न्हवती. पौषात, रानात, घोंगडी न्हाई असा धनगर आसतो का, जमादारसाब? मी म्हनलं, हा आपला न्हाई. कुनी तरी कुनबी आसंल. आन मी माघारी आलो."

माणिकराव माझ्याकडे बघत होते की नव्हते, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही. आठ वर्षं मी समजत होतो की मी एका मेलेल्या माणसाचं पांघरूण घेतलं. मी त्याचं नाव हिरावून घेतलं होतं, आणि वर त्याला चोर करून ठेवलं होतं.

तरी लगेच कबूल करीन तर मी कसला पोलीस? मनात वकिली सुरू झाली. या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे. मी खरं बोललो तर ते पुसलं जाणार. माझ्या थापेनं तिचा नवरा जिवंत राहतोय, म्हणजे मी पुण्यच करतोय. असं पुण्य करण्यात मी मग्न होतो तेवढ्यात केवळाबाई उठली. तिनं घोंगडीची पुन्हा नीट चौघडी घातली आणि तख्तपोसावर होती तशी ठेवली, माझी म्हणून.

"जिता आसंल तर आसू द्या," ती म्हणाली. "पर आसा जिता नको हुता मला. आठ वर्सं मी गावाशी भांडले. माझी घोंगडी बी इकली म्हनल्यावर आता कशाच्या जोरावर भांडू?"

ती लेकीला घेऊन बाहेर गेली. माणिकरावांनी, जे सकाळपासून सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होते, तक्रार नाही म्हणून सांगितलं आणि तेही गेले. मी एकटा उभा होतो. बसायचं म्हटलं तर त्याच घोंगडीवर बसावं लागणार होतं. मला लाज वाटली. आयुष्यात पुष्कळदा वाटायला हवी होती, ती सगळी एकदम वाटली असं म्हणा.

ती माणसं मेंढ्या गोळा करून रस्त्याला लागली होती. मी टोपी न घालता मागं धावलो. धनगरांमागं पोलीस धावतोय हे गावाला नवं नव्हतं, पोलिसाच्या डोक्यावर टोपी नाही हे नवं होतं.

"बाई," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. बाजारातून घेतली नाही. विहिरीच्या काठावर होती. मी चोरली."

केवळाबाई थांबली. "आन त्यो?"

"विहिरीत होता. डोक्यात मागून घाव होता. आम्ही अग्नी दिला, रीतसर दिला."

मुंजाजीनं रस्त्यातच बसकण मारली. मला वाटलं आता ही दगड उचलेल, आणि उचलला असता तर मी हललो नसतो.

"मेंढ्या?" तिनं विचारलं.

"एकही नव्हती."

"मंग त्यानं इकल्या न्हाईत," केवळाबाई म्हणाली. "त्याला मारून नेल्या कुनी तरी." आणि माझ्या तोंडासमोर हात पसरून म्हणाली, "हे लिवून द्या. सरकारी शिक्का मारून द्या. गावच्या चावडीत वाचून दावायचं हाय."

लिहून द्यायचं तर आधी फौजदारांना सांगणं आलं. दिनकररावांना पहिल्यांदा वाटलं, मी मराठी नीट न आल्यामुळे काही तरी भलतंच बोलतोय. त्यांनी मला सावकाश सांगायला लावलं.

"म्हणजे आठ वर्षं तुम्ही पुराव्यावर बसलात, बन्सीधर?"

"हिवाळ्यात पांघरलाही, साहेब," मी म्हणालो. खरं सांगायचंच तर पुरतं सांगावं.

मग सगळं कायद्यानं झालं. म्हातारे व्यंकटराव जबाब द्यायला आले. त्यांना बाभळी आठवत होत्या, घोंगडी आठवत होती, आणि जमादाराला थंडी वाजत होती हेही आठवत होतं. स्वतः काय बोलले होते तेवढं मात्र विसरले होते. गावातून आणखी पाच काळ्या घोंगड्या मागवून सहाही चौकीच्या ओट्यावर मांडल्या. पंचांसमोर केवळाबाईला बोलावलं. ती सरळ चौथ्या घोंगडीपाशी जाऊन उभी राहिली. फौजदारांनी विचारलं, कशावरून? तिनं घोंगडीकडे न बघता सांगितलं. लोकर तिनं स्वतः कातली. काळी कमी पडली म्हणून शेवटची वीतभर तांबूस मेंढीची घातली. विणणारा सणगर नको म्हणत होता, तरी तिनं ऐकलं नाही. मधली शिवण तिची, दर चार बोटांवर दुहेरी गाठ. पंचांनी बोटं लावून गाठी बघितल्या, सगळ्या होत्या. आठ वर्षं त्या गाठी माझ्या पाठीला टोचत होत्या आणि मी सणगराला शिव्या देत होतो.

फौजदारांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. मी ‘नामालूम’वर रेघ मारली आणि खाली येडबाचं नाव लिहिलं. मराठीत, बाळबोध अक्षरात. खुनी सापडला नाही, तेवढ्या वर्षांनी सापडणारही नव्हता. माझा जमादाराचा पुन्हा शिपाई झाला आणि त्यात काही वावगं झालं नाही. कुंपणानं शेत खाल्लं तर कुंपण उपटतातच.

पण ते नंतर. त्या दिवशी घोंगडी कापडात शिवून, मोहर लावून मुद्देमालात जमा करायची होती. ते काम फौजदारांनी मलाच दिलं. केवळाबाई ओट्यावर बसली होती. शिक्क्याचा कागद तिनं पदराच्या गाठीत बांधला होता. कपाळ ती त्याच सकाळी नदीवर पुसून आली होती. घोंगडी मागेल असं मला वाटलं होतं, आणि नाही म्हणायची माझी तयारी नव्हती. तिनं मागितली नाही. मी लाख तापवत होतो तेव्हा ती जवळ आली.

"एक इचारू, जमादारसाब?"

"विचारा."

"आठ रोज रातध्याड बसून कातली हुती मी ही. त्यो निघाला त्या सकाळी अंगावर घातली. धा-बारा दिस बी पांघरली नसंल. कशी हाय ते सांगायला माघारी आला न्हाई." तिनं कापडात शिवलेल्या घोंगडीवर हात ठेवला. "तुमी आठ वर्सं पांघरली. ऊब देती का?"

"देते, बाई," मी म्हणालो. "लय देते."

"मंग त्याला बी दिली आसंल," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं पदर तोंडाला लावला.

मी मोहर हातात धरून उभा राहिलो. लाख गार झाली, ती पुन्हा तापवावी लागली.