चोच राहिलेला सारस

उलट बोलायचं नाही, ही माझ्या सुनेची सगळ्यांत वाईट खोड. भांडणारी सून परवडली. घरात दुसरं माणूस आहे एवढं तरी कळतं. त्या सकाळी मी बाल्कनीच्या दारात उभी राहून तोंड सोडलं होतं आणि संयोगिता मुकाट्यानं स्टुलावर चढत होती.

"काढ ते सगळं आधी! दाराला पक्षी टांगतात का कुणी? आपल्याकडे पक्ष्याची वाट कधी बघतात, माहीत नाही तुला? दहाव्याला! पिंडाला कावळा शिवला की माणूस सुटलं. आणि तू आजारी बाई, स्वतःच्या हातानं त्यांचं तोरण लावतेस?"

"कावळे नाहीत हो आई. सारस आहेत. कागदाचे."

"काळे नाहीत, एवढंच. काढ."

तिनं काढले. एकेक, दोऱ्यासकट, पंख चुरगळू न देता, आणि चकलीच्या डब्यात भरले. उतरताना डोक्याचा रुमाल सरकला. केस औषधानं गेलेले. तिनं रुमाल सारखा केला आणि विचारलं, "चहा टाकू?"

घ्या. अशा बाईशी भांडायचं कसं?

आमचं घराणं जुन्या संस्थानी सरकारच्या फौजेतलं. तलवार अजून आहे. गोत्रीच्या या पाचव्या मजल्यावर ती कपाटावर चादरीत गुंडाळलेली असते, दसऱ्यापुरती खाली उतरते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा समरजित मकरपुऱ्याला कारखान्यात. सकाळी कंपनीच्या बसनं जातो तो दिवेलागणीला उगवतो. दिवसभर घरात आम्ही दोघी. मी बोलायचं, तिनं हो म्हणायचं. शेजारणी म्हणतात, "नसीबवाळा छो, अहल्याबेन!" भिंतीशी बोलणाऱ्या बाईला नशीबवान म्हणत असतील, तर मी आहे.

संयोगिताच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी ती औषधानं आटवायची, असं डॉक्टरांचं म्हणणं. समरजितला दर वेळी रजा कोण देणार? दवाखान्यात सोबतीला मीच. तिथं शेजारच्या खुर्चीत एक पोरगी असायची, आकांक्षा. करजणची, कॉलेजात शिकणारी. तिलाही हेच दुखणं, फक्त तिचं रक्तातलं. एका हाताला सुई टोचलेली, आणि दुसऱ्या हातानं, दातांनी, गुडघ्यावर दाबून, औषधाच्या खोक्यातल्या कागदाचे पक्षी करायची. माझ्या सुनेला तिनंच ते वेड लावलं.

"पोताना माटे नहीं, मासी," ती संयोगिताला बजावायची. स्वतःसाठी करायचा नाही. "हुं तमारा माटे बनावुं, तमे मारा माटे." हिनं तिच्यासाठी करायचा आणि तिनं हिच्यासाठी. भरपूर झाले की दोघी बऱ्या होणार, असा हिशेब.

मलाही म्हणाली, "बा, तमने शिखवाडुं?"

"मला सगळं येतं," मी म्हटलं.

"तो बनावो ने!" मग करा की, म्हणे.

मी जपमाळ काढली आणि देवाला कामाला लावलं. पोरगी फिस्सकन हसली. संयोगितासुद्धा हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या घरात तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला राग आला. कुणाचा, ते सांगायची मला गरज वाटत नाही.

घरी मग जेवणाचं टेबल कागदांनी भरायला लागलं. एकदा तिनं लग्नपत्रिकाच कापली आणि गणपतीची सोंड नेमकी पक्ष्याच्या शेपटीवर आली.

"गणपतीची शेपटी केलीस?"

"दुसरा कागद घेते, आई."

संपलं भांडण. सुरूसुद्धा झालं नव्हतं.

पुढच्या वेळी ती चकलीचा डबा घेऊन निघाली, आकांक्षाला द्यायला. खुर्चीत दुसरंच कुणी बसलं होतं, डोळे मिटून, एक म्हातारे गृहस्थ. संयोगितानं सिस्टरला विचारलं. सिस्टर बाटली बदलत होती. मान न वळवता म्हणाली, "ए तो गई, बेन. तमने खबर नथी?"

संयोगितानं डबा खुर्चीखाली सरकवला. औषध संपलं, सुई निघाली, ती उठली आणि डबा तसाच ठेवून चालू लागली. मी उचलला. स्टीलचा डबा, माझ्या माहेरचा. सोडते की काय? रिक्षात ती गप्प होती. तिच्या गप्प बसण्याची मला सवय आहे. पण एरवीच्या गप्प बसण्यात एक हो असतो. या खेपेला नव्हता.

टेबल स्वच्छ झालं. कात्री शिवणाच्या पेटीत गेली. मला बरं वाटायला हवं होतं.

मग एका संध्याकाळी जेवण वाढता वाढता तिनं समरजितला सांगितलं, "मी आता औषधाला जाणार नाही."

डॉक्टर म्हणाले होते, गाठ अर्ध्याहून जास्त आटली आहे, पण मध्येच सोडलं तर दुप्पट जोरानं उठेल. समरजितनं हे सांगून पाहिलं, हात जोडून पाहिले, ताट सरकवून पाहिलं. शेवटी माझ्याकडे आला.

"आई, तू सांग ना. तुझं ऐकते ती."

मी सांगितलं. म्हणजे माझ्या पद्धतीनं; खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "नाही, आई." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना माझ्या डोक्यात आलं. ही त्या पोरीसाठी पक्षी करत होती, ते थांबले, ठीक. पण ती पोरगी हिच्यासाठी करत होती, तेही थांबले. आता हिच्यासाठी करणारं कोण आहे? हिच्याखेरीज या घरात दोनच माणसं. एक दिवेलागणीला येतं आणि दुसरीला सगळं येतं.

शिवण मी कुणाकडे शिकले नाही. जुनं पोलकं उसवायचं, तुकडे पसरायचे आणि तसंच नवं बेतायचं. मी डब्यातून एक पक्षी काढला आणि उसवला. कागदावर घड्यांच्या वाटा पडलेल्या होत्याच. कोरा जाड कागद सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं चालू महिन्याचं पान फाडलं. त्या कॅलेंडरला मी कुणाला हात लावू देत नाही. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, सगळं माझ्या अक्षरात त्यावर असतं. पान चौकोनी कापलं आणि लागले वाटांच्या मागे. बोटं वाकडी झालेली, नख सरकायचं. पंख निघाले. शेपटी निघाली. चोच काही केल्या निघेना. ती आत दाबून वाकवायची असते, तिथं माझं बोट शिरत नव्हतं.

औषधाच्या दिवशी सकाळी समरजित रजा टाकून हॉलमध्ये नुसता उभा होता. "राहू दे आई," म्हणाला. मी दार न वाजवता आत गेले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पक्षी तिच्या उशीवर ठेवला, नाकासमोर. तिनं बराच वेळ पाहिला. एका पंखावर 'दूध नाही' असं लिहिलेलं होतं.

"आई," ती म्हणाली, "हा कावळा झालाय."

"होऊ दे. तुझ्यासाठी केलाय. चोच राहिली. मला येत नाही ती."

दारात समरजित माझ्याकडे बघतच राहिला. संयोगिता उठून बसली. पक्षी तळहातावर घेतला, अंगठ्यानं मानेशी एकदा दाबलं, आणि चोच आली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी हलू दिले. रडून झाल्यावर रुमालाचं टोक तिच्या हातात दिलं.

"आता ऐक, संयोगिता. तू वाईट सून आहेस. इतकी वर्षं मी बोलतेय, एकदा उलटून बोलली नाहीस, आणि पहिलं 'नाही' काढलंस ते हे! हे मी घेणार नाही. दुसरं कुठलंही 'नाही' आण, घरी आल्यावर रोज भांड, मला भांडायला माणूस लागतं घरात. ऊठ. रुमाल नीट बांध. रिक्षा खाली उभी आहे."