खुंटीवर काढलेले तीन दिवस

मित्रांनो, मला पेन म्हणू नका. खिशाला लावायची क्लिप आहे, लांबीही पेनाएवढी आहे, पण शाईचा थेंब माझ्या पोटात नाही. मी एक जुना किरणमापक आहे. एक डोळा मिटून मला उजेडाकडे धरलंत, की आत केसाएवढी बारीक रेघ दिसते. अंगातून आरपार जाणारे घातक किरण माणसाला किती लागले, ते ती रेघ सांगते. खोटं बोलणं मला जमतच नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कारखान्यातून मी थेट फौजेत गेलो. पालीजवळच्या एका गावचा जवान आत्माराम, त्याच्या छातीवर माझी जागा. एकदा एका तळावर किरण सोडणारं यंत्र फुटलं. सहा जवानांनी पाळीपाळीने आत जाऊन ती जागा साफ करायची होती. रेघ लाल खुणेला टेकली की त्या जवानाने बाहेर यायचं आणि दुसऱ्याने आत जायचं, असा नियम. आत्मारामनंतर संदेशची पाळी होती. संदेशची बायको तेव्हा गरोदर होती.

तर या आत्माराम पठ्ठ्याने काय करावं? मला तंबूतल्या खुंटीला अडकवलं आणि स्वतः आत गेला. एक नाही, तीन दिवस. संदेशची पाळी त्याने येऊच दिली नाही. रोज संध्याकाळी साहेब मला उजेडाकडे धरायचे, तर रेघ जागची हललेली नसायची. तोच आकडा कागदावर चढला. आकडा खरा होता, पण तो खुंटीचा होता. मला त्याचा भयंकर राग आला. पण त्याच्याइतका शूर माणूस मी नंतर पाहिला नाही, हेही सांगतो.

पुढे मी निकामी ठरलो आणि आठवण म्हणून आत्मारामच्या घरी आलो. देव्हाऱ्याखाली, पदकांशेजारी. दर दसऱ्याला त्याची बायको सावित्री मला हळदकुंकू लावायची. काच पार भरून जायची, पण मान मोठा होता! मग दिशा जन्मली. तिच्या हृदयाला भोक होतं. मुंबईला ऑपरेशन झालं, पोरगी खडखडीत बरी झाली. किरणांमुळे झालं का, असं कुणी विचारलं की आत्माराम तो कागद पुढे करायचा. तोच, खुंटीच्या आकड्याचा.

यंदा दिशाला दिवस गेले. तिच्या हृदयाच्या भोकाची आणि त्या तळाची हकिकत ऐकून रत्नागिरीच्या डॉक्टरांनी विचारलं, वडलांना किरण किती लागले होते? ती कागद न्यायला माहेरी आली.

"बाबा, हा आकडा नक्की ना? माझ्या बाळाचा प्रश्न आहे."

"नक्की गो बाय," तो म्हणाला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी देवळात गेली, बाळासाठी गाऱ्हाणं घालायला. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आत्मारामने मला खिशाला लावलं होतं, कितीतरी वर्षांनी.

"बा देवा म्हाराजा, माझ्या लेकीचा पोर सुखरूप येऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"तीन दिवस मी हा खुंटीला लावून आत गेलो. कागदावरचा आकडा माझा नाय. लेकीशी मी खोटा बोललो, म्हाराजा."

सावित्रीने पदर तोंडाला लावला. मग मागून दिशाचा आवाज आला, एकटीचा.

"व्हय म्हाराजा."

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "संदेशकाकांना माहीत आहे?"

"नाय. आणि सांगू पण नको."

डॉक्टरांना मात्र तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वडलांना लागलेल्या किरणांमुळे मुलांना त्रास होतो, असा ठाम पुरावा नाही. होतच नाही, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. खरं कळलं ते बरं झालं. बाळाच्या हृदयाकडे नीट लक्ष ठेवू." परवाच्या तपासणीत बाळाचं हृदय छान चालत होतं.

दिशाने माझ्या काचेवरची हळद पुसली आणि मला उजेडाकडे धरलं. मित्रांनो, दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याचं मला कौतुकच आहे. पण मोजणाऱ्याला खुंटीला टांगून जाऊ नका, आणि घरच्यांपासून लपवू नका. आता माझी रेघ हलत नाही. सगळी नोकरी मी चोख केली. फक्त ज्या तीन दिवसांत आत्मारामला माझी खरी गरज होती, तेवढे तीन दिवस मी त्याच्या छातीवर नव्हतो.