पोटॅशियमची शेवटची

आमच्या मुख्याध्यापकांना सगळं कळतं. इतिहास शिकवायचे तेव्हा फक्त इतिहास कळायचा. खुर्चीवर बसल्यापासून बाकीचे विषयही आपोआप कळू लागले. मी मात्र इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवते आणि अजून वाचूनच वर्गात जाते. खुर्ची नाही ना मला.

पालकदिनाला मी मैदानावर मुलांचा अणू उभा करायचं ठरवलं. चुन्याची वर्तुळं आखली. मधोमध पोटॅशियमचं केंद्रक: लाल टोपीचे एकोणीस प्रोटॉन, पांढऱ्या टोपीचे वीस न्यूट्रॉन. भोवतीच्या कवचांत इलेक्ट्रॉन. आत दोन, मग आठ, मग पुन्हा आठ, आणि सगळ्यात बाहेर एकटी एक मुलगी. शेजारी क्लोरीन. त्याच्या केंद्रकाला मुलं पुरली नाहीत म्हणून तिथे रिकामं पिंप ठेवलं. क्लोरीनच्या शेवटच्या कवचात सात मुलं, आठव्याची जागा मोकळी. शेवटी त्या मुलीने धावत जाऊन ती भरायची, की झालं पोटॅशियमचं मीठ.

मुलीला शाळेत सगळे शेपूट म्हणतात. उंच आहे, म्हणून प्रत्येक रांगेत शेवटी आणि प्रत्येक फोटोत अर्धी कापलेली. मी तिला म्हटलं, "अगं, अणूत सगळा मान शेवटच्याचा. आतले नुसते जागा अडवून असतात. देणं-घेणं, जोडणं-तोडणं सगळं बाहेरचा करतो." पोरगी इतकी हरखली की तिने आईला कामावरून दोन तासांची सुट्टी घ्यायला लावली. म्हणाली, "बाई, या वेळी आईला मला शोधावं लागणार नाही."

तालमीला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांचा नातू न्यूट्रॉन होता. "म्हणजे याच्यावर काहीच प्रभार नाही?" अध्यक्षांचा चेहरा पडला. मुख्याध्यापकांनी लगेच नातवाची पांढरी टोपी काढून लाल घातली.

"सर," मी म्हटलं, "विसावा प्रोटॉन आला की ते पोटॅशियम राहत नाही, कॅल्शियम होतं. तेही क्षणात मोडणारं."

"समस्थानिक आहे म्हणा की! त्यात थोडाफार फरक चालतो."

"फरक पांढऱ्या टोप्यांचा चालतो. लाल तेवढ्याच राहिल्या तरच मूलद्रव्यांच्या तक्त्यातलं स्थान तेच राहतं. म्हणून तर समस्थानिक."

"तेच म्हणतोय मी, बाई. स्थानिक पातळीवर चालतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्याच.

तेवढ्यावर थांबले असते तर ते मुख्याध्यापक कसले? पालकदिनाच्या आदल्या दिवशी पुस्तकातली एकच ओळ वाचून आले. "तिसऱ्या कवचात अठरा मावतात, तुम्ही आठच उभे केलेत! एवढी जागा असताना ही मुलगी एकटी बाहेर? पालक काय म्हणतील?"

"अठरा मावतात, पण इथे आठ झाले की पुढचा चौथ्यात जातो. एकोणिसाव्याला ते सोपं पडतं."

"सोपं पडतं! शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही?" त्यांनी तिला दंडाला धरून तिसऱ्या वर्तुळात नेऊन उभं केलं. मला इतका संताप आला की त्यांचं ते पुस्तक त्यांच्याच डोक्यात घालावंसं वाटलं.

पालकदिनी मुख्याध्यापक माइकवरून गरजले, "आणि आता पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन देणार!" कोण हलणार? चौथं वर्तुळ रिकामं, तिसऱ्यातले नऊ जण एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात केंद्रकातून अध्यक्षांचा नातू लाल टोपीनिशी सुटला आणि क्लोरीनच्या मोकळ्या जागी जाऊन वाकून नमस्कार करू लागला. प्रोटॉन! अध्यक्षांनी टाळ्या पिटल्या, मग सगळ्यांनीच पिटल्या. अणुकेंद्रक फुटलं तरी टाळ्या, असले आमचे प्रेक्षक.

टाळ्या ओसरल्या आणि शेपूट तिसऱ्या वर्तुळातून बाहेर आली. चौथ्यावर जाऊन उभी राहिली. एकटी, सगळ्यांना दिसेल अशी.

"ए मुली, आत हो! आत भरपूर जागा आहे."

"आहे सर," ती म्हणाली. आवाज थेट मागच्या रांगेपर्यंत गेला. "पण ती माझी नाही."

आणि ती क्लोरीनकडे धावली. तिथल्या सात जणांनी नातवाला दोन्ही बाजूंनी ढकलून बाहेर काढलं. "तू केंद्रकातला ना रे? मग चल, पळ आत!" आठवी जागा भरली. अध्यक्ष खुर्चीतून उठले होते, मुख्याध्यापक माइक हातात धरून तोंड उघडं ठेवून उभे होते. एकाही पालकाने टाळी वाजवली नाही. कुणाला कळलंच नव्हतं काय झालं ते.

एका बाईने मात्र वाजवली. ती कामाच्या कपड्यांवरच आली होती आणि मोठमोठ्याने शेजारणीला सांगत होती, "ती बघा, ती शेवटी आलेली. ती माझी."