लाल दिव्याचे प्रणीतसाहेब

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर रविवारी सकाळी चपलांचा ढीग पडला होता. आत कावेरीअक्कांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जमलेली सगळी मंडळी माना वर करून एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याकडे बघत होती. तो ब्रॉडबँडचा राउटर होता. यल्लम्माच्या तसबिरीखालच्या फळीवर तो गेली कित्येक वर्षं धूळ खात पडला होता. आज मात्र त्याला कुणी पुसून लख्ख केलं होतं, आणि शेजारी जास्वंदीचं फूलही ठेवलं होतं.

शिवलीला खाली आली होती कढीपत्ता मागायला. ही वरच्या मजल्यावर राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. इमारतीत तिची ख्याती जरा वाईटच होती. गल्लीत एकदा लिंबातून रक्त काढणारा बाबा आला होता, तेव्हा हिने त्याच्याच चाकूला लावलेला रंग सगळ्यांना दाखवून त्याचा कार्यक्रम आटोपला होता. तेव्हापासून जिथे चमत्काराची शक्यता असेल तिथे तिला बोलवायचं नाही, असं लोकांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं.

"काय चाललंय?" तिने दारातूनच विचारलं.

"चमत्कार, टीचर!" शेजारचे मल्लाप्पा म्हणाले. "प्रणीतसाहेब फोनवरून ह्या दिव्याचा रंग बदलतात. परवा आम्ही डोळ्यानं बघितलं की! हिरवा होता, लाल केला. परत हिरवा केला. हात न लावता!"

"कोण हे साहेब? कुठे असतात?"

"कंपनीत असतात," कावेरीअक्कांचे यजमान सूर्यकांत म्हणाले. देवाचा पत्ता विचारावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "फुकट अपग्रेड देणार आहेत. नेटचा वेग दुप्पट. आज आपलं झालं की अख्ख्या इमारतीचं करून देतो म्हणालेत. आणि टीचर, मराठीत बोलतात! बेंगळूरात कस्टमर केअरवाला मराठीत बोललेला कधी ऐकलाय? आपल्या खानापूरकडचेच आहेत ते."

शिवलीला मनातल्या मनात हसली, पण तिला ते समजलंही. ती स्वतः निपाणीची. दिवसभर शाळेत कन्नड, बँकेत इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकीतोडकी हिंदी. बसमध्ये मागच्या सीटवर कुणी 'अगं बाई' म्हटलं तरी तिची मान आपोआप वळायची. या शहरात मराठी ही घरात बोलायची भाषा, त्यामुळे ती बोलणारा माणूस आधीच घरात शिरलेला असतो. मग आपण त्याला गाव विचारतो, पाहुणे-रावळे विचारतो आणि बसायला पाट देतो.

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला आणि हॉलमध्ये आरती सुरू होण्याआधीची शांतता पसरली.

"नमस्कार अक्का! नाश्ता झाला काय?" आवाज मधाळ होता. "हे बघा, तुमच्या लाइनमध्ये जुना सिग्नल अडकून बसलाय. त्यामुळे संध्याकाळी नेट हळू चालतं. चालतं की नाही?"

"चालतं, चालतं!" चार-पाच जण एकदम ओरडले. संध्याकाळी नेट हळू चालत नाही असं एक घर या शहरात असेल तर शिवलीलाला ते बघायचंच होतं.

"घाबरू नका. तो सिग्नल मी उतरवतो. अण्णा, मागची वायर काढा. दहा मोजा. आता लावा. आता मी इथून तुमचा दिवा लाल करतो बघा!"

सूर्यकांतांनी वायर काढली, मोजलं, लावली. यालाच हात न लावता म्हणतात, हे शिवलीलाला नव्याने कळलं. दिवा गेला, मग लुकलुकत लाल झाला, आणि हॉलमधून एक 'हाऽऽ' निघाला.

"आता मी ताकद लावतोय. तुमच्या लाइनमध्ये दोष जरा जास्त आहे, वेळ लागेल." फोनमधून खटखट बटणं दाबल्याचा आवाज आला. सगळे श्वास रोखून उभे. दिवा हिरवा झाला तशा टाळ्या पडल्या, आणि मल्लाप्पांनी राउटरला चक्क हात जोडले.

"अय्यो, काय शक्ती हो!"

"आता शेवटचं काम, अक्का. तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. ते अपग्रेडचं गुपित आहे. दुसऱ्या कुणाला सांगू नका, फक्त मला सांगा."

फोन टिंग वाजला. अक्कांनी चष्मा चढवला आणि पोथी वाचावी तसं ठासून वाचायला घेतलं, "चार... शून्य... नऊ..."

शिवलीलाने अक्कांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मेसेज ब्रॉडबँड कंपनीचा नव्हताच. तो व्हॉट्सअ‍ॅपचा होता, अक्कांचं खातं दुसऱ्या फोनवर उघडण्यासाठीचा. तिने पटकन अक्कांच्या तोंडासमोर हात धरला.

हे का, ते सांगायला हवं. कावेरीअक्का शेंगांची होळिगे, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, आणि बेळगावी कुंदा करतात, आणि सर्जापूर रोडपासून जे. पी. नगरपर्यंतची माणसं ते खातात. दुकान नाही, पाटी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येते, अक्का कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणतात, आणि लोक सणाच्या कितीतरी आधी पैसे पाठवून निर्धास्त होतात. अक्कांचा सगळा धंदा त्या एका नंबरवर आणि त्या 'सरी'वर उभा. ते सहा आकडे गेले की प्रणीतसाहेब आपल्या फोनवर बसून कावेरीअक्का होणार होते, आणि मग सणाच्या तोंडावर ते कुणाकुणाला काय काय लिहिणार होते, याची कल्पनाही करवत नव्हती.

हॉलमधले सगळे डोळे शिवलीलावर वटारले गेले. आता इथे भाषण दिलं तर ही माणसं मलाच बाहेर काढतील आणि उरलेले तीन आकडे सांगून मोकळी होतील, हे तिने ओळखलं. ती फोनकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "साहेब, अक्कांचा चष्मा धुरकटलाय. पुसेपर्यंत माझंही अपग्रेड करून द्या की! मी वरच्या मजल्यावरची. थांबा हं, फोन घेऊन वर जाते."

आणि जागच्या जागी उभी राहून ती धप धप पाय आपटू लागली. लोक तोंडाकडे बघत राहिले. जिना चढून झाल्यासारखं वाटल्यावर तिने धापा टाकल्या, टेबलावरचा होळिगेचा स्टीलचा डबा पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "आले साहेब. राउटर समोरच आहे. वायर काढली. ही लावली."

"छान! आता मी दिवा लाल करतोय. झाला?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हाला तिथून दिसतंच ना?"

"दिसतंय की मॅडम! अगदी स्पष्ट. लाल झालाय. तुमच्याकडे तर अक्कांपेक्षा जास्त दोष आहे."

हॉलमधल्या सगळ्या माना स्टीलच्या डब्याकडे वळल्या. डबा निवांत बसला होता.

"आता ताकद लावतोय... झाला बघा हिरवा!"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. सूर्यकांतांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, न जाणो. आत होळिगेच होती.

"साहेब, तुम्ही आमच्या भागातलेच वाटता," शिवलीला पुढे म्हणाली. "आम्ही भोपळेवाडीचे."

"काय सांगता! भोपळेवाडी म्हणजे आमचं आजोळ! तिथल्या देवळात खेळून मोठा झालोय मी."

मल्लाप्पांना आता राहवेना. त्यांनी सगळा खानापूर तालुका पायाखाली घातलेला, आणि असलं गाव त्यांनी बापजन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी फोनजवळ तोंड नेलं. "साहेब, तिथल्या नदीचं नाव काय हो? भोपळगंगा?"

"हां, भोपळगंगाच!"

मग मात्र हॉल फुटला. लहानथोर सगळे पोट धरून हसू लागले. पलीकडचा मध एकदम आटला. "हे बघा, ऑफर पाच मिनिटांत बंद होतेय. आकडे सांगा, नाहीतर तुमची लाइन कायमची जाईल. मग मला दोष देऊ नका!"

अक्कांनी स्वतः फोन उचलला. "साहेब, पहिल्यांदा मला एवढं सांगा. माझ्या होळिगेच्या डब्यात तुम्हाला लाल दिवा दिसला कसा?"

फोन बंद झाला. हसणं ओसरलं तसं सूर्यकांत हळूच म्हणाले, "पण टीचर, आमचा दिवा तर खरोखर लाल झाला होता. तो कसा?"

"मल्लाप्पा, इकडे या," शिवलीला म्हणाली. "आता तुम्ही साहेब. वायर काढा, लावा, आणि येईल तो मंत्र म्हणा."

मल्लाप्पांनी वायर काढून लावली, डोळे मिटले आणि भूक लागलेली असल्यामुळे त्यांना सुचला तोच मंत्र म्हटला. "बिसी बेळे भात, बिसी बेळे भात..." दिवा लुकलुकत लाल झाला आणि जपाला थोडा वेळ देऊन हिरवा झाला.

"नोडी, बघा! माझ्यातपण शक्ती हाय!"

"ती राउटरमध्ये आहे," शिवलीला म्हणाली. "वीज गेली आणि आली की तो नव्याने लाइन शोधतो. सापडेपर्यंत दिवा लाल असतो, सापडली की हिरवा. आपल्याकडचे बहुतेक डबे असंच करतात. साहेबाला काही दिसत नव्हतं. वायर काढायला त्याने तुम्हालाच लावलं, आणि रंग बदलल्याचं त्याला तुमच्याच 'हाऽऽ'वरून आणि टाळ्यांवरून कळलं."

"आणि खानापूर? माझं नाव?" अक्कांनी विचारलं.

"तुमचं नाव, नंबर तर होळिगेच्या प्रत्येक डब्याच्या स्टिकरवर आहे, तेही मराठीत. त्यावरून त्याला भाषा कळली. आणि गाव? आठवून सांगा, खानापूर हा शब्द आधी कुणी काढला?"

अक्का आठवू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "मीच. मराठी ऐकलं आणि म्हटलं, तुम्ही आमच्या खानापूरकडचे काय? तो म्हणाला, तिकडचाच."

मग शिवलीलाने तो मेसेज पुन्हा उघडून मोठ्याने वाचला, हा आकडा कुणालाही सांगू नका, हे वाक्यही. आकडे गेले असते तर काय झालं असतं तेही सांगितलं. अक्का मटकन खुर्चीत बसल्या. "माझ्या नावानं लोकांकडे पैसे मागितले असते गं त्यानं. एवढ्या वर्षांचं नाव! आणि मी येडी निम्मे आकडे सांगून मोकळी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून शिवलीलालाही गलबलून आलं. ती त्यांच्याजवळ बसली. "येड्या नाही आहात. परक्या गावात आपली भाषा ऐकली की माझंही मन विरघळतं. त्या चोराने नेमकं तेच हेरलं. निम्म्या आकड्यांनी त्याला काही मिळालं नाही, पण आता कुलूप लावू." तिने अक्कांना त्यांच्याच हातांनी व्हॉट्सअ‍ॅपला वेगळा पिन लावायला शिकवलं. मग बिलावरच्या नंबरावर कंपनीला फोन लावला. असलं कुठलंही अपग्रेड नाही, असं तिथून साध्या कन्नडमध्ये कळलं.

"मग पुन्हा असा फोन आला तर काय करायचं?" सूर्यकांतांनी ओशाळून विचारलं. सगळ्या इमारतीला त्यांनीच आमंत्रण दिलं होतं.

"ठेवून द्यायचा. कंपनीचं काम असेल तर बिलावरचा नंबर बघून आपण फोन करायचा. आलेले आकडे कुणाला सांगायचे नाहीत, कुणी सांगितलं म्हणून कुठलं अ‍ॅप घ्यायचं नाही. आणि कुणी फसलाच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० नंबरला कळवायचं. बाबा असो की साहेब, जो घाई करतो, भीती घालतो आणि वर गुपित ठेवायला सांगतो, त्याला एकदा तरी प्रश्न विचारून बघा. खऱ्या माणसाला प्रश्नाचा राग येत नाही."

दुपारी अक्कांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना आवाजी मेसेज पाठवला. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आधी मला फोन करून विचारा. पाठवून त्या पदराने घाम टिपत होत्या तोच फोन आला. जे. पी. नगरची कस्तुरी होती, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, अक्कांचं जुनं गिऱ्हाईक.

"काकू, सॉरी हं, पण हा मेसेज खरंच तुमचाच कशावरून? हल्ली आवाजही नकली करतात म्हणे. मागच्या वेळी मी होळिगेबद्दल काय तक्रार केली होती, सांगाल का?"

सूर्यकांत चिडलेच. एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक आणि अक्कांचीच परीक्षा घेतं! पण अक्कांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला होता.

"वेलदोडा जास्त झाला म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "आणि सॉरी कशाला गं? अशीच विचारत जा. दर वेळी विचार, मलासुद्धा विचार."